पोपटीला शेत लागतं

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा रायगड जिल्ह्यातली भातं कापून झालेली असतील, भारे खळ्यावर पोचले असतील. कापलेल्या खाचरांत जमीन अजून ओलसर असते. त्याच ओलीवर वाल पेरला जातो. त्याला ना पाट लागतो, ना पंप. जमिनीत मुरलेला पावसाळा आणि पहाटेचं दव एवढ्यावर तो वाढतो. पौष लागला की शेंगा भरतात आणि मुंबई, ठाणे, पनवेलकडच्या घरांत गावाकडचे फोन येऊ लागतात. शेंगा भरल्या, कधी येताय?

हे आमंत्रण पोपटीचं असतं. कापणी झालेल्या शेतात संध्याकाळी सगळा गोतावळा जमतो. मडक्यात वालाच्या शेंगा, वाटण लावून मुरवलेली कोंबडी, अंडी, बटाटे, रताळी भरतात. मडक्याचं तोंड भांबुर्ड्याच्या पाल्यानं गच्च बंद करतात, त्याच्याभोवती पेंढा आणि काटक्या रचून जाळ लावतात. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासानं मडकं उघडतं तेव्हा आतल्या शेंगा मऊ शिजलेल्या असतात, कोंबडीचं मांस हाडापासून सुटत असतं आणि सगळ्याला त्या पाल्याचा उग्र, कापरासारखा वास लागलेला असतो.

अलिबाग, पेण, पनवेल, उरण, रोहा, मुरूड या तालुक्यांत पोपटीशिवाय हिवाळा सरत नाही. गेल्या काही वर्षांत तिचं नाव जिल्ह्याबाहेरही झालं. पर्यटकांच्या हिवाळी बेतात ती आली, मोबाइलवरच्या चित्रफितींत आली, फार्महाऊसच्या जाहिरातीत आली. या कौतुकाचा आनंद आहेच. पण कौतुकात एक गोष्ट मागे पडते आहे. पोपटीची शेंग शेतातली, पाला बांधावरचा, जळण त्याच शेतातलं, मडकं गावचं आणि खाणारी माणसं त्या जमिनीशी नातं असलेली. यातलं शेत काढून घेतलं तर उरते ती मडक्यात शिजवलेली कोंबडी.

आधी शेंग, मग कोंबडी

पोपटीचा मूळ जिन्नस शेंग आहे. गावातली जुनी माणसं सांगतात की पूर्वी पोपटी म्हणजे वालाच्या, पावट्याच्या शेंगा, ओवा आणि जाडं मीठ, बस्स. कुणाकडे रताळी असली तर रताळी, घरची अंडी असली तर अंडी. कोंबडी क्वचितच. घरची गावठी कोंबडी अंड्यांसाठी पाळलेली असायची. ती कापली जायची देवाच्या मानाला, जावई आला तर, किंवा घरात बाळंतीण असली तर. शेतातल्या संध्याकाळच्या खाण्यासाठी कोंबडी कापणं परवडणारं नव्हतं.

हे चित्र बदललं ते ब्रॉयलरमुळे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे हे या उद्योगाचं मोठं केंद्र झालं आणि महाराष्ट्रात कोंबडीपालनाचा धंदा फोफावला. साधारण सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरणारी कोंबडी नाक्यानाक्यावर मिळू लागली. सणासुदीचं मांस रविवारचं मांस झालं आणि पोपटीच्या मडक्यातही त्याला कायमची जागा मिळाली. आज नातेवाइकांच्या पोपटीत कोंबडी नसेल तर मुलं विचारतात. त्यात वाईट काही नाही. फक्त मडक्यात शेंगा जास्त आणि कोंबडी कमी, हे प्रमाण मोडू नये. त्यामागे रूढीइतकंच स्वयंपाकाचंही कारण आहे, ते पुढे येईल.

वालाबद्दलही थोडं सांगायला हवं. कोकणातला कडवा वाल हे भाताच्या पाठोपाठ येणारं पीक. सोललेल्या वालाचं बिरडं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तोच वाल कोवळा, हिरवा असताना शेंगेसकट पोपटीत जातो. हे कडधान्य मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीनं हवेतला नत्र जमिनीत आणतं, म्हणजे पुढच्या भाताची थोडी सोय करून जातं. भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदाही भातानंतर याच जमिनीत घेतला जातो. भात, वाल, कांदा अशी ही एकाच जमिनीची एकापाठोपाठची पिकं आहेत, आणि पोपटी त्या साखळीतली खाण्याची एक संध्याकाळ आहे.

मडक्याच्या आत काय घडतं

दहा-बारा माणसांसाठी साधारण १५ लिटर पाणी मावेल असं मडकं लागतं. जाणती माणसं नवं मडकं घेत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात पाण्यासाठी वापरलेला, नंतर नीट वाळवलेला माठ घेतात. नव्या किंवा ओल्या मडक्याच्या छिद्रांत पाणी असतं. जाळ एकदम लागला की त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि मडकं तडकतं. रंग दिलेलं, चकाकी चढवलेलं शोभेचं मडकं तर अजिबात वापरू नये.

तळाशी भांबुर्ड्याचा जाड थर घालतात. भांबुर्डा हे थंडीत पडीक शेतात आणि बांधांवर आपोआप उगवणारं तण आहे. पानं मऊ, लवदार, बोटांत चुरडली की उग्र वास येतो. वनस्पतिशास्त्रात त्याला ब्लुमिया लासेरा म्हणतात. सूर्यफुलाच्या कुळातल्या या झुडपाला एरवी कुणी हात लावत नाही. पोपटीत मात्र त्याच्याशिवाय चालत नाही.

पाल्यावर धुतलेल्या शेंगांचा थर, त्यावर ओवा आणि जाडं मीठ. मग केळीच्या पानात बांधलेल्या कोंबडीच्या पुरचुंड्या, अंडी, बटाटे, रताळी, कुणी छोटे कांदे, कुणी वांगी. त्यावर पुन्हा शेंगा, पुन्हा ओवा-मीठ. शेवटी तोंडाशी भांबुर्डा इतका ठासून भरायचा की मडकं उपडं केलं तरी आतलं काही हलू नये. मीठ जाडंच हवं. पेण-उरणकडे मिठागरं आहेत, तिथलंच खडेमीठ घरोघर असायचं. ते हळूहळू विरघळतं आणि शेंगांना बेताचं लागतं.

आता मडकं जमिनीवर उपडं ठेवतात. काही गावांत ते उभं किंवा कलतंही ठेवतात, पण उपड्या मडक्यामागे पक्का विचार आहे. शेंगांतलं, कोंबडीतलं आणि पाल्यातलं पाणी तापून त्याची वाफ होते. वाफ हवेपेक्षा हलकी, ती वर जाते. उपड्या मडक्यात वर बूड असतं, त्यामुळे तिला सुटायला जागा नसते. ती आतच कोंडून सगळ्याला शिजवते. तोंड खाली जमिनीला टेकलेलं असतं, आणि जाळात सर्वांत कमी तापणारी जागा तीच. म्हणून तोंडाचा पाला जळून जात नाही. जास्तीची वाफ त्या पाल्यातून झिरपत बाहेर पडते आणि आतल्या जिन्नसांना त्याचा वास देऊन जाते.

भोवती जळण रचतात ते भाताचा पेंढा, सुक्या झावळ्या, काटक्या, गोवऱ्या. पेंढा भडकन पेटतो आणि लवकर विझतो, काटक्या आणि गोवऱ्या धग टिकवतात. माती मंदपणे तापते आणि मंदपणे निवते. ज्वाळा खाली बसल्या तरी मडक्याची जाड भिंत आतल्या जिन्नसाला उष्णता देत राहते. म्हणून जाळ एकसारखा चहूबाजूंनी लागणं महत्त्वाचं. एकाच अंगाला जास्त लागला तर तिथल्या शेंगा करपतात आणि दुसरीकडची कोंबडी कच्ची राहते.

झालं की नाही हे पाहायला मडकं उघडता येत नाही. त्यासाठी गावाची कसोटी आहे. तापलेल्या मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडायचे. चर्र आवाज होऊन पाणी तत्क्षणी उडालं की पोपटी होत आली. सोबत वास असतो. आधी नुसत्या पाल्याचा हिरवा वास येतो, मग त्यात शिजलेल्या शेंगेचा आणि ओव्याचा वास मिसळतो. ज्यानं अनेक हिवाळे पोपटी लावली आहे तो माणूस वासावरच सांगतो.

जमिनीच्या किंवा मातीच्या मदतीनं अन्न शिजवण्याची रीत जगात अनेक ठिकाणी आहे. न्यूझीलंडचे माओरी लोक खड्ड्यात तापलेल्या दगडांवर हांगी लावतात, पेरूच्या डोंगराळ भागात पाचामांका असतं, चीनच्या हांगचौ शहरात कमळाच्या पानांत गुंडाळून मातीत लिंपलेली कोंबडी प्रसिद्ध आहे. आपल्या शेजारी वलसाडकडे उंबाडियुं आहे, तिथेही शेंगा आणि कंद रानपाल्यात घालून मडक्यात भाजतात. पोपटीचं वेगळेपण असं की तिला खड्डा लागत नाही, दगड लागत नाहीत, रात्रभर थांबावं लागत नाही. कापणीनंतर शेतात जे उरतं तेवढ्यावर ती तासाभरात होते.

कोंबडी कशी मुरवावी

पोपटीच्या कोंबडीत सर्वांत मोठी चूक मसाल्याच्या अतिरेकाची होते. तेल, दही, तयार तंदुरी मसाला, खायचा लाल रंग असं सगळं लावून कोंबडी आणली जाते. तंदूर आणि मडकं यांचा धर्म वेगळा आहे. तंदुराच्या प्रखर, कोरड्या आचेत मांसाची वरची बाजू झटकन भाजते आणि तिला खमंग कड येते. मडक्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपासच राहतं. तिथे कड येणार नाही, सोनेरी रंग येणार नाही. तिथे मिळेल ते रसाळ मांस आणि पाल्याचा वास. तेलकट, दाट मसाला लावला तर तो वाफेनं सुटतो, खाली शेंगांवर उतरतो आणि दोन्हींची चव बिघडवतो.

दीड किलो कोंबडीचा अंदाज असा. तुकडे मध्यम असावेत. तंगडी आख्खी ठेवायची तर हाडापर्यंत दोन-तीन खोल चिरा द्याव्यात. सपाट अडीच चहाचे चमचे मीठ आणि एक चमचा हळद आधी चोळावी. लसणाच्या वीसेक पाकळ्या, दोन इंच आलं, आठ-दहा हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर यांचं पाणी न घालता वाटण करावं. त्यात घरचा आगरी मसाला तीन चमचे. हे सगळं आदल्या रात्री लावून कोंबडी झाकून फ्रिजमध्ये ठेवावी. लिंबाचा रस मात्र आदल्या रात्री घालू नये. मडकं भरायच्या तासभर आधी एका लिंबाचा रस पुरे.

या क्रमाला कारण आहे. मुरवण्याच्या जिन्नसांत मांसाच्या आत खोलवर जातं ते मुख्यतः मीठ. ते स्नायूंतल्या काही प्रथिनांची घडण सैल करतं, त्यामुळे मांस शिजताना स्वतःचं पाणी धरून ठेवतं. लसूण, मिरची, मसाला यांचा वास आणि तिखटपणा पृष्ठभागाजवळच राहतो. म्हणून चिरा द्यायच्या, म्हणजे पृष्ठभाग वाढतो आणि वाटण आतपर्यंत पोचतं. आम्ल पदार्थही वरवरच काम करतात, आणि फार वेळ राहिले तर वरचा थर पिठूळ करतात. मीठ रात्रभर आणि लिंबू तासभर, एवढं पाळलं की निम्मं काम झालं.

हे मुरवणं स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात करावं. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात मीठ आणि लिंबू दोन्ही बाधतात. शहरातून गावी नेताना कोंबडी बर्फाच्या डब्यात न्यावी. थंडीचे दिवस असले तरी दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत तीन तास राहिलेलं कच्चं मांस धोक्याचंच.

मुरलेले तुकडे केळीच्या पानात चार-चार बांधून पुरचुंड्या कराव्यात. पान आधी विस्तवावर हलकेच शेकलं की ते फाटत नाही. आपल्याकडे कोंबडी बहुतेक सोललेली मिळते. कातडी नसल्यानं मांस वाळण्याची भीती असते, ती केळीचं पान दूर करतं. कोंबडीचा रसही शेंगांत सांडत नाही, आणि घरात कुणी सामिष खात नसेल तर निदान शेंगा चवीनं वेगळ्या राहतात. अर्थात जे कटाक्षानं निरामिष आहेत त्यांच्यासाठी वेगळं मडकं लावणं हीच खरी रीत, आणि बहुतेक घरांत तसं लावतातही.

प्रमाणाचा मुद्दा इथे येतो. दीड किलो कोंबडीला किमान दोन किलो शेंगा हव्यात. पुरचुंड्या मधोमध आणि चहूबाजूंनी शेंगा असल्या तर शेंगांतलं पाणी वाफेचा पुरवठा करतं आणि मडक्याच्या तापलेल्या भिंतीची झळ मांसाला थेट लागत नाही. शेंगा कमी करून कोंबडी वाढवली की वाफ कमी पडते, बाहेरचे तुकडे वाळतात आणि मधले कच्चे राहतात. पोपटी फसण्याचं हेच नेहमीचं कारण असतं.

ब्रॉयलर अर्ध्या-पाऊण तासात शिजते. गावठी कोंबडीचं मांस घट्ट असतं, तिला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात शेंगा करपतात. गावठी घालायचीच असेल तर तुकडे लहान करावेत किंवा ती घरी अर्धवट वाफवून न्यावी. कोंबडी खाण्यालायक शिजली म्हणजे तिच्या आतलं तापमान ७४ अंश सेल्सियसपर्यंत पोचायला हवं. शेतात थर्मामीटर कुणी नेत नाही. मांडीच्या जाड भागात हाडाजवळ पाहावं. तिथे मांस गुलाबी किंवा रस लालसर दिसला तर ती पुरचुंडी बाजूला काढून निखाऱ्यांवर झाकण ठेवलेल्या कढईत शिजवावी. अंधारात, घाईत, मुलांच्या हातात कच्चा तुकडा जाऊ नये याची जबाबदारी एका माणसानं घ्यावी.

गोतावळ्याची कामं

पोपटीत प्रत्येकाला काम असतं. घरातल्या बायका दुपारी शेंगा तोडतात, किडक्या निवडून काढतात. मुलांना भांबुर्डा आणायला पाठवतात. तो ओळखायचा कसा हे त्यांना आजी सांगते. पान चुरडायचं, वास घ्यायचा. तरुण पोरं पेंढा आणि काटक्या गोळा करतात. मडकं भरण्याचं काम घरातल्या एका जाणत्याकडे असतं आणि जाळ लावायचा मान बहुतेक आजोबांचा किंवा मामांचा.

जाळ लागला की सगळे त्याच्याभोवती बसतात. हा अर्धा-पाऊण तास पोपटीचा खरा ठेवा आहे. त्या वेळात कुणालाच दुसरं काम नसतं. लग्नं ठरतात, जमिनीच्या वाटणीचे रुसवे निघतात, गेलेल्या माणसांच्या आठवणी निघतात. कुणी गाणी म्हणतं. रायगडात पोपटीच्या जाळाभोवती कविसंमेलनंही भरतात.

खाताना ताटवाट्या नसतात. मडकं काठीनं जाळातून बाहेर काढतात, दहा मिनिटं निवू देतात, मग पाला उपसून सगळं केळीच्या पानांवर ओततात. शेंग तोंडात धरून दातांनी ओढली की दाणे आत आणि साल बाहेर. सालींचा ढीग गुरांपुढे जातो. धुवायला भांडी नाहीत, पोळ्या लाटायच्या नाहीत, आधी कुणाची पंगत आणि मागून कुणाची असा भेद नाही. आपल्या बहुतेक कुटुंबमेळाव्यांत बायका सकाळपासून ओट्याशी उभ्या असतात आणि सर्वांत शेवटी, गार झालेलं जेवतात. पोपटीच्या रात्री आजीपासून नव्या सुनेपर्यंत सगळ्या जाळाजवळ बसून गरम खातात. कुटुंबानं एकत्र येण्याचा हा प्रकार मला यासाठी मोलाचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी शेतात राखेचा काळा गोल राहतो. ती राख त्याच मातीत मिसळते. कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजण्याची रीत आहेच. जाळ आणि राख या जमिनीला नव्या नाहीत.

ही जमीन सहज मिळालेली नाही

ज्या शेतात पोपटी लागते ते शेत कसणाऱ्याचं असणं ही रायगडात फार जुनी गोष्ट नाही. जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं त्या काळात इथली बरीच जमीन खोत-सावकारांकडे होती. कुळांनी राबायचं आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी पोचवायचा. १९३३च्या ऑक्टोबरमध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी परिसरातल्या गावांची सभा झाली आणि कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. नारायण नागू पाटील हे त्या लढ्याचे नेते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा त्याला मिळाला. हा संप १९३९पर्यंत चालला. इतकी वर्षं शेतकऱ्यांनी शेतं ओसाड ठेवली, लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले, पण मागे हटले नाहीत. याच काळात, १९३७मध्ये, पाटलांनी 'कृषीवल' हे वृत्तपत्र सुरू केलं आणि त्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९४८चा कूळकायदा आला, खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारी कुळं कायद्यानं जमिनीची मालक झाली.

जेमतेम तेरा वर्षं गेली आणि जमिनीवर दुसरा प्रसंग आला. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरणच्या पट्ट्यातल्या जमिनी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के परत मिळण्याची योजना या लढ्यातून आली. त्यानंतर १९८९मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, जानेवारी २०२४मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू खुला झाला, आणि पनवेल तालुक्यात विमानतळ उभा राहिला.

या कामांची गरज मी नाकारत नाही. त्यांनी रोजगार आणला, प्रवास सोपा केला. पण विमानतळाच्या आणि गोदामांच्या आसपास ज्या खाचरांवर मुरमाचा भराव पडला, तिथे आता भात नाही, म्हणून वालही नाही. तिथली कुटुंबं आजही पोपटी लावतात. शेंगा बाजारातून आणतात, पेंढा मागून आणतात आणि इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत जाळ करतात. त्यांची ओढ खरी आहे. मात्र त्या मुलांना शेंग कुठून आली हे दाखवायला शेत उरलेलं नाही.

विकत मिळणारी पोपटी

मुंबईहून मांडव्याला आता गाडीसकट बोटीनं जाता येतं. मार्च २०२०मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सेवा सुरू झाली आणि अलिबागचा शनिवार-रविवार मुंबईकरांना जवळ आला. त्याबरोबर माणशी दर लावून पोपटी विकणं सुरू झालं. अनेक स्थानिक कुटुंबं, महिलांचे बचत गट यातून चार पैसे मिळवतात. घरच्या शेतातल्या शेंगा, घरचा मसाला, घरच्या माणसानं लावलेला जाळ असेल तर अशा पोपटीचे पैसे आनंदानं द्यावेत. शहरातल्या माणसाला ती चव कळते आणि शेतकऱ्याला वाल पेरत राहण्याचं कारण मिळतं.

तक्रार आहे ती बिनशेतीच्या पोपटीबद्दल. शेंगांचा हंगाम नसताना फरसबी किंवा मटार घालून, भांबुर्ड्याच्या जागी कोबीची पानं कोंबून, निम्म्याहून अधिक कोंबडी भरलेलं मडकं लॉनवर पेटवलं जातं. भोवती मोठ्यानं गाणी लावलेली. पोटभर खाऊन माणसं परत जातात आणि आपण पोपटी खाल्ली असं समजतात. तिच्यात ना वाल असतो, ना हिवाळा, ना गाव. ग्राहकानं विचारायला शिकलं पाहिजे. शेंगा कुठल्या? पाला कुठला? आणि नोव्हेंबरात किंवा मेमध्ये कुणी पोपटी देऊ केली तर नम्रपणे नाही म्हणावं.

ज्यांना गावी जाणं शक्यच नाही त्यांनी घरी जरूर करावं. जाड बुडाच्या हंडीत किंवा ओव्हनच्या झाकणाच्या भांड्यात तळाशी केळीचं पान, त्यावर शेंगा, मधे मुरवलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, ओवा, जाडं मीठ, वरून पान आणि घट्ट झाकण. ओव्हन १८० अंशांवर आधी तापवून साधारण एक तास. हंडी गॅसवर असेल तर खाली तवा ठेवून मंद आच. पाणी घालू नये. भांबुर्ड्याचा वास येणार नाही, पण शेंग आणि कोंबडी एकमेकांच्या वाफेत शिजल्याची चव कळेल. चार माणसांच्या घराला हा रविवारचा उत्तम बेत आहे. त्याला पोपटी म्हणू नये, एवढीच विनंती.

आणि ज्यांचं गाव आहे, ज्यांच्या नात्यात कुणाची दोन गुंठे का होईना शेती आहे, त्यांच्यासाठी शेवटचा शब्द. या दिवाळीत भाऊबीजेला घरं एकत्र येतील तेव्हाच पौषातला एक शनिवार ठरवून टाका. गावच्या माणसाला सांगा की वाल नेहमीपेक्षा थोडा जास्त पेर, शेंगांचे पैसे आम्ही देऊ. गावी कुणी नसेल तर पेण-वडखळच्या रस्त्यावर शेंगा घेऊन बसलेल्या बाईकडून त्या घ्या आणि तिलाच विचारा की तिच्या शेतात एक संध्याकाळ मडकं लावू देईल का. जाताना मुलांना न्या. पाला त्यांना आणू द्या. जाळ वाऱ्याची दिशा पाहून, गवतापासून लांब लावा, बादलीभर पाणी जवळ ठेवा आणि निघण्यापूर्वी निखारे पूर्ण विझवा. पोपटी टिकवायची असेल तर तिच्यावर लेख लिहून भागणार नाही. वाल पेरणाऱ्याला पुढच्या वर्षीही तो पेरावासा वाटला पाहिजे, आणि ते आपल्या खरेदीवर अवलंबून आहे.